रूळ गेल्यानंतरची वाट : मिसूरीतील ‘केटी’ मार्गाच्या निमित्ताने

ग्रामीण प्रदेशातून जाणाऱ्या, मोटारींना मज्जाव असलेल्या आणि केवळ पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी राखलेल्या खडीच्या वाटा गेल्या अर्धशतकात अनेक देशांत निर्माण झाल्या आहेत. या वाटांकडे सामान्यतः सहल आणि करमणूक यांच्याच दृष्टीने पाहिले जाते. भूगोलाच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एक वेगळा प्रश्न दिसावयास हवा. लागवडीखालील जमिनीतून, शेकडो खाजगी मालकांचे बांध ओलांडीत, शे-दोनशे मैलांची अखंड वाट आज नव्याने आखावयाची म्हटली तर ती जवळजवळ अशक्य कोटीतील गोष्ट ठरेल. एकाही मालकाने नकार दिला तरी वाट तुटते. असे असता या वाटा अस्तित्वात आल्या कशा?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी एकाच शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे रेल्वे. अशा दीर्घ वाटांपैकी पुष्कळशा वाटा या बंद पडलेल्या लोहमार्गांच्या पट्ट्यावर उभ्या आहेत. लोहमार्गाकडून त्यांना दोन गोष्टींचा वारसा मिळाला : एक, चढउतारांचा सौम्यपणा, आणि दुसरी, जमिनीच्या पट्ट्याची अखंडता. यांपैकी पहिली गोष्ट मातीत आणि दगडात कोरलेली असल्यामुळे टिकाऊ आहे. दुसरी मात्र केवळ कायद्याच्या आधारावर उभी असल्यामुळे अत्यंत नाजूक आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील ‘केटी’ मार्गाचे उदाहरण घेऊन या दोन्ही वारशांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा विचार आहे.

केटी मार्गाची पूर्वपीठिका

मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे या कंपनीच्या नावातील ‘के’ आणि ‘टी’ या आद्याक्षरांवरून लोकांनी तिला ‘केटी’ हे लाडके नाव दिले होते. या कंपनीने १८९० च्या दशकात मिसूरी नदीच्या उत्तर काठाने एक मार्ग टाकला. एका बाजूस नदीची सपाट पूरभूमी आणि दुसऱ्या बाजूस चुनखडकाचे उभे कडे, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून तो जात असे. रोशपोर्ट या गावाजवळ कडा थेट नदीला भिडल्यामुळे तेथे बोगदा खोदावा लागला. १८९३ साली बांधलेला हा बोगदा आजही या मार्गावरील एकमेव बोगदा आहे. बुनव्हिल येथे नदी ओलांडून मार्ग काठ सोडतो आणि माळरानांच्या प्रदेशातून सेडेलियाकडे चढत जातो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालमोटारींच्या स्पर्धेमुळे अमेरिकेतील लोहमार्ग झपाट्याने आकुंचित होऊ लागले. १९२० साली त्या देशात सुमारे २,७२,००० मैल लोहमार्ग होते. १९९० च्या सुमारास वापरात राहिलेल्या मार्गांची लांबी १,४१,००० मैलांवर आली होती. १९८० च्या रेल्वेविषयक कायद्याने तोट्यातील मार्ग सोडून देणे कंपन्यांना अधिक सोपे झाले. केटीच्या या मार्गावर १९८६ च्या शरद ऋतूत नदीच्या पुराने मोठी हानी केली आणि दुरुस्तीचा खर्च करण्याऐवजी कंपनीने माचेन्स ते सेडेलिया हा भाग बंद केला. पुढील वर्षी राज्यशासनाने या पट्ट्याचा ताबा घेतला. सेंट लुई येथील एक गुंतवणूक-व्यावसायिक एडवर्ड ‘टेड’ जोन्स यांनी या कामासाठी सुमारे २२ लक्ष डॉलर दिले. वाटेचा पहिला टप्पा १९९० च्या वसंतात रोशपोर्ट येथे खुला झाला, आणि त्याच वर्षी जोन्स निवर्तले. पुढे सेडेलियापासून क्लिंटनच्या दिशेचा पट्टा युनियन पॅसिफिक रेल्वेने दान दिल्यामुळे वाट पश्चिमेकडे वाढली. आज तिची एकूण लांबी सुमारे २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. त्यांपैकी दीडशे मैलांहून अधिक वाट नदीच्या सान्निध्यातून जाते. १८०४ साली ल्यूइस आणि क्लार्क यांची शोधमोहीम याच प्रवाहाने वर गेली होती.

या प्रकारचा प्रयोग अमेरिकेत पूर्वी झालेला नव्हता असे नाही. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा हा तीन बोगद्यांचा ३२ मैलांचा मार्ग १९६० च्या दशकातच सायकलवाटेत रूपांतरित झाला होता. परंतु केटीची लांबी आणि तिच्यावरून झालेले वाद या दोन्ही कारणांनी अभ्यासासाठी तिचे उदाहरण अधिक उपयुक्त आहे.

चढाचे गणित

लोखंडी रुळावर लोखंडी चाक अत्यंत कमी विरोधाने फिरते. सपाटीवर एक टन वजन ओढण्यास स्थूलमानाने दोन-तीन किलोग्रॅमभाराइतकाच जोर पुरतो. याचीच दुसरी बाजू अशी की, शंभरात एक इतका अल्प चढ आला तरी त्याच टनामागे आणखी दहा किलोग्रॅमभाराची भर पडते, म्हणजे ओढ चार-पाच पटींनी वाढते. म्हणूनच लोहमार्गाचे अभियंते एक-दोन टक्क्यांहून अधिक चढ टाळण्यासाठी टेकड्या कापीत, दऱ्यांत भराव घालीत आणि प्रसंगी बोगदे खोदीत. त्यांनी हा सारा खटाटोप इंजिनासाठी केला; परंतु त्याचा लाभ शंभर वर्षांनी सायकलस्वाराच्या पायांना मिळाला.

तो लाभ किती मोठा आहे हे एका साध्या हिशोबावरून ध्यानात येईल. सायकल आणि स्वार मिळून ९० किलोग्रॅम वजन धरू. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध सुमारे अर्धा किलोग्रॅमभार असतो. नीट दाबून बसवलेल्या बारीक खडीवर तो साधारण एक किलोग्रॅमभारापर्यंत जातो. आता दर एक टक्का चढामागे ०.९ किलोग्रॅमभाराची भर पडते. याचा अर्थ असा की, डांबराऐवजी खडी पत्करण्याची किंमत अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक चढाइतकीच आहे. उलट पाच टक्क्यांच्या चढाचा डांबरी ग्रामरस्ता घेतला, तर तेथे साडेचार किलोग्रॅमभाराची भर पडते. ताशी १५ किलोमीटर वेगाने, हवेचा विरोध जमेस धरून, खडीच्या सपाट वाटेवर सुमारे ६५ वॅट शक्ती लागेल. त्याच वेगाने तो डांबरी चढ चढण्यास सव्वादोनशे वॅटांहून अधिक लागेल. सवय नसलेला मनुष्य तासन्‌तास टिकवू शकतो अशी शक्ती शंभर वॅटांच्या अलीकडेच असते. म्हणजे पहिली वाट वृद्धांना आणि मुलांनाही साध्य आहे. दुसरी केवळ कसलेल्या स्वाराला.

या हिशोबाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वाटेचा दर्जा ठरविताना लोक पृष्ठभागाकडे पाहतात. वस्तुतः निर्णायक घटक चढ हा आहे. पृष्ठभाग केव्हाही बदलता येतो. चढ मात्र पहिल्या आखणीतच ठरून गेलेला असतो.

खडीची रचना

तथापि खडी म्हटली की ती कोणतीही चालते, असा समज करून घेणे चुकीचे होईल. नदीपात्रातील गोटे गुळगुळीत आणि वाटोळे असल्यामुळे एकमेकांत गुंतत नाहीत. चाकाखाली ते सरकतात आणि विरोध दुप्पट-तिप्पट होतो. खाणीत फोडलेल्या दगडाचे कण मात्र कोनदार असतात. केटी मार्गावर चुनखडक फोडून निघालेली बारीक कच आणि तिच्यासह तिचाच भुगा यांचा थर दिलेला आहे. मोठ्या कणांमधील पोकळ्या लहान कणांनी, आणि लहानांमधील पोकळ्या भुग्याने भरून निघतात. ओलसर अवस्थेत त्यावरून रोलर फिरवला म्हणजे थर घट्ट बसतो, आणि चुनखडकाचा भुगा ओला होऊन वाळताना कणांना काहीसा धरूनही ठेवतो. आपल्याकडील चांगला मुरूम ज्या कारणाने पायवाटेवर पक्का बसतो, ते कारण बहुतांशी हेच आहे : लहानमोठ्या कणांचे योग्य प्रमाण.

या थराखाली आणखी एक अदृश्य वारसा आहे. रूळ आणि शिलेपाट काढून नेले तरी भराव आणि त्यावरील दगडांचा जुना थर बहुधा जागेवरच राहतो. जवळजवळ शतकभर आगगाड्यांनी दाबलेला असा पाया नव्याने घालावयाचा झाल्यास त्याचा खर्च कोणत्याही ग्रामीण वाटेला परवडणार नाही.

खडीचा खरा शत्रू चाक नसून पाणी आहे. वाटेचा मध्य किंचित उंच ठेवून पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत उतरविले नाही, तर ते वाटेच्याच दिशेने धावू लागते आणि भुगा वाहून नेते. भुगा गेला की सुटी खडी तेवढी शिल्लक राहते. चढ जितका तीव्र, तितका या पाण्याचा वेग अधिक. म्हणून ज्या सौम्य चढाने सायकलस्वाराचे श्रम वाचतात, त्यानेच खडीचेही आयुष्य वाढते. पाच टक्क्यांच्या उतारावर हाच थर फार काळ टिकला नसता.

स्थानकांमधील अंतर

वारशाचा तिसरा एक आनुषंगिक भागही नोंदविण्यासारखा आहे. लोहमार्गावरील लहान स्थानके बैलगाडी किंवा घोडागाडी यांच्या हिशोबाने वसलेली असत. शेतकऱ्याने धान्य स्थानकावर आणून त्याच दिवशी घरी परतावे, एवढ्या अंतरावर पुढचे स्थानक हवे. अशा रीतीने काही मैलांच्या अंतराने गावांची एक माळ तयार झाली. डिफायन्स, ऑगस्टा, मार्थासव्हिल, हार्ट्सबर्ग, रोशपोर्ट, पायलट ग्रोव्ह ही केटीवरील गावे या माळेतील मणी होत. मोटारीच्या काळात या गावांचे प्रयोजनच नाहीसे झाले. कारण मोटारीला दर आठ-दहा मैलांवर थांबण्याचे कारण नसते. सायकलस्वाराला मात्र ते असते. पाणी, सावली, अन्न आणि रात्रीचा निवारा यांची गरज घोडागाडीच्या वेगाशी जुळणारी असल्यामुळे जुनी अंतरे पुन्हा अर्थपूर्ण झाली. ऑगस्टाच्या परिसरात जर्मन वसाहतवाल्यांनी द्राक्षमळ्यांची परंपरा रुजविली होती. १९८० साली अमेरिकेतील पहिला अधिकृत द्राक्षमद्य-प्रदेश म्हणून त्याला मान्यता मिळाली. अशा गावांतील खाणावळी आणि निवासगृहे यांना या वाटेने एक नवे गिऱ्हाईक मिळवून दिले आहे.

जमीन कोणाची?

येथवर वारशाची उजळ बाजू पाहिली. आता दुसरा, नाजूक वारसा पाहू.

रेल्वेची जमीन म्हणजे संपादित केलेली, पूर्ण मालकीची जमीन, अशी आपल्याकडील वाचकाची सहज समजूत असते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी स्थिती तशी नव्हती. शेतकऱ्याने, किंवा सक्तीच्या आदेशाने न्यायालयाने, रेल्वेला दिला तो केवळ वहिवाटीचा हक्क; कायद्याच्या परिभाषेत सुविधाधिकार. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहिली आणि तीवरून गाडी नेण्याचा अधिकार तेवढा कंपनीला मिळाला. वहिवाट ज्या कारणासाठी दिली ते कारण संपले की तो हक्कही संपतो, असे सामान्य तत्त्व आहे. म्हणजे कंपनीने मार्ग ‘सोडून दिला’ असे विधिवत् ठरताच पट्ट्याचा एकेक तुकडा आपापल्या शेतात परत विलीन होणार, आणि शतकभर अखंड राहिलेली रेषा एका दिवसात शेकडो तुकड्यांत विखुरणार.

हे टाळण्यासाठी १९६८ च्या राष्ट्रीय पदपथ-व्यवस्था कायद्यात १९८३ साली दुरुस्ती करण्यात आली. तिची कल्पना चातुर्याची आहे. एखादी शासकीय वा खाजगी संस्था पट्ट्याची व्यवस्था, कर आणि कायदेशीर जबाबदारी स्वीकारण्यास तयार असेल आणि रेल्वे कंपनी त्यास राजी असेल, तर तो मार्ग सोडून दिला असे मानावयाचेच नाही. तो भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवला आहे, आणि तूर्त मधल्या काळात त्यावर वाट आहे, असे मानावयाचे. केटीचा पट्टा याच तरतुदीखाली राखला गेला. तेव्हा काटेकोरपणे बोलावयाचे तर ही सायकलवाट कायद्याच्या दृष्टीने अद्यापि लोहमार्गच आहे. तेथे आगगाडी पुन्हा येऊ शकते.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर ही तरतूद अन्यायाची वाटणे स्वाभाविक होते. आपल्या आज्याने आगगाडीसाठी वाट दिली. अनोळखी प्रवाशांसाठी दिली नव्हती. शिवाय कुंपण कोणी घालावयाचे, गुरे पलीकडे कशी न्यावयाची, तण कोणी काढावयाचे आणि घराजवळून रात्रंदिवस माणसे जाऊ लागली तर एकांताचे काय, हे प्रश्न केवळ तात्त्विक नव्हते. मिसूरीतील जमीनमालकांनी या कायद्याच्या घटनात्मकतेला आव्हान दिले. परंतु १९८९ साली संघीय अपील न्यायालयाने कायदा वैध ठरविला. व्हर्मॉन्ट राज्यातील एका दांपत्याचे अशाच स्वरूपाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९० साली न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या एकमताच्या निर्णयात असे ठरले की, हा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. आणि कोणाची मालमत्ता त्यायोगे हिरावली जात असेल, तर भरपाईची मागणी करण्याचा मार्ग त्यास मोकळा आहे.

निर्णयाचा हा दुसरा भाग पुढे निर्णायक ठरला. व्हर्मॉन्टच्या प्रकरणात १९९६ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने भरपाई देय असल्याचे मान्य केले. मिसूरीतील मालकांच्या बाबतीत २००० साली संघीय दावा-न्यायालयाने तोच निष्कर्ष काढला. भरपाईचा भार अर्थातच संघराज्याच्या तिजोरीवर पडला. याउलट जेथे या तरतुदीचे संरक्षण नव्हते तेथे काय होते, हे २०१४ च्या एका निकालाने दाखविले. वायोमिंग राज्यातील एका जुन्या पट्ट्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला मिळालेला हक्क हा वहिवाटीचाच होता. मार्ग सोडताच तो संपला आणि जमीन मालकाकडे निर्वेध परत गेली.

पुलाचा प्रसंग

अखंडतेचे कायदेशीर मूल्य किती आहे, हे बुनव्हिलच्या पुलाच्या प्रसंगावरून अधिक स्पष्ट होईल. १९३२ साली बांधलेल्या या पोलादी रेल्वेपुलाचा मधला गाळा जहाजांसाठी उचलता येत असे. केटीचे सायकलस्वार हा पूल वापरीत नाहीत. ते शेजारच्या रस्तापुलावरील वेगळ्या पट्टीने नदी ओलांडतात. त्यामुळे रेल्वे कंपनीने पूल पाडून त्याचे पोलाद अन्यत्र वापरण्याचे ठरविले तेव्हा वाटेचे काही बिघडणार नाही, असे वरकरणी वाटण्यासारखे होते. परंतु २००५ साली राज्याच्या महान्यायवादींनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पूल गेला तर भावी लोहमार्गाची रेषा नदीवर तुटेल. आणि रेषा तुटली तर हा पट्टा रेल्वेसाठी राखून ठेवला आहे, हे म्हणणेच लटके पडेल, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी २०१० साली कंपनीने पूल बुनव्हिल शहराच्या स्वाधीन केला. ज्या पुलावरून वाट जात नाही, त्याच्या रक्षणाशी वाटेचे अस्तित्व निगडित मानले जावे, हा विरोधाभास मोठा उद्बोधक आहे.

समारोप

नदीकाठाच्या सपाटीची किंमतही या वाटेला मोजावी लागते. १९८६ च्या ज्या पुराने लोहमार्ग बंद पाडला, त्याहून कितीतरी मोठ्या १९९३ च्या पुराने नुकत्याच तयार झालेल्या वाटेचा बराच मोठा भाग उद्ध्वस्त केला. २०१९ च्या पुरानेही काही भाग बंद राहिला. तरी प्रत्येक वेळी जवळपासच्या खाणीतील कच आणून वाट पूर्ववत् करता आली. खडी वाहून गेली तर ती पुन्हा पसरता येते, आणि भराव खचला तर तो पुन्हा बांधता येतो.

तुटलेली मालकीची रेषा मात्र पुन्हा सांधता येत नाही. मिसूरीचेच पुढील पाऊल या जाणिवेची साक्ष देते. विंडसर येथे केटीला मिळणारा रॉक आयलंड रेल्वेचा जुना पट्टा प्लेझंट हिलपर्यंत २०१६ साली वाट म्हणून खुला झाला. आणि विंडसरपासून पूर्वेकडील १४४ मैलांचा पट्टा राज्याने २०२१ साली स्वीकारला. त्या वेळी संपूर्ण वाट बांधण्याची तरतूद हाताशी नव्हती. आधी रेषा राखावी, खडी मागाहून पसरावी, हा क्रम त्यामागे आहे, आणि वर मांडलेल्या विवेचनाशी तो सुसंगत आहे.

यावरून नियोजनाच्या अभ्यासकाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, बंद पडलेल्या मार्गाचे मूल्य त्याच्या रुळांच्या भंगारावरून करणे म्हणजे पुस्तकाची किंमत कागदाच्या वजनावरून ठरविणे होय. त्याचे खरे मूल्य अखंड रेषेत आणि सौम्य चढात असते, आणि रूळ उखडण्यापूर्वीच त्याचा विचार व्हावा लागतो. दुसरी ही की, अशी रेषा सार्वजनिक हितासाठी राखताना ती ज्यांच्या शेतांतून जाते त्यांचा हक्क कायद्याच्या एका कल्पित गृहीताने पुसून टाकता येत नाही. तो मान्य करून त्याचे मोल द्यावे लागते. ते मोल द्यावे लागले, म्हणून मिसूरीतील वाट आज निर्वेध आहे.